गरम पाण्यातला वायसर

सुखदेवा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला एकजण माईक हातात घेऊन तुला 'आपले वायसर मास्तर' म्हणाला आणि मांडवातले लोक हसले. वाईट मनानं नव्हे, प्रेमानं हसले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. कुणी शिवी दिली असती तर उठून गचांडी तरी धरली असती. प्रेमानं केलेल्या अपमानाचं काय करायचं? मी मांडी घालून बसून राहिलो, बोटावर सांडलेलं मेणबत्तीचं मेण नखानं खरवडत. समोर फोटोत तू. ओठ मिटलेले, सगळं ठाऊक असलेला, गप्प.

तुझ्या या गप्प बसण्यावरच माझा राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं म्हणतात. म्हणू देत. तू हयात असताना मला रागवायची सोय ठेवली नाहीस, आता तरी रागवू दे.

सहा वर्षांपूर्वी आपल्या संस्थेनं केलेले हापशाचे वायसर बाद झाले. चौकशीच्या कागदावर 'मिश्रण सदोष' अशी ओळ लिहिली गेली. मिश्रण तुझं, म्हणून दोष तुझा, म्हणून तू वायसर मास्तर. ती ओळ खोटी आहे. तुला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. ती ओळ मला पुसायची आहे. हे लिहून झालं की मी एसटीनं उमरग्याला जाणार आणि तिथल्या साप्ताहिकाच्या कचेरीत हे कागद देणार, छापा म्हणून. त्यामुळं तुला पाठ असलेल्या दोन-चार गोष्टी परक्यांसाठी पुन्हा सांगाव्या लागतील. ऐकून घे. नाहीतरी माझं ऐकून घ्यायची तुला सवयच होती.

हापशाच्या नळीत खाली दट्ट्या असतो आणि दट्ट्याला वाटीच्या आकाराचा वायसर. दांडा दाबला की दट्ट्या वर येतो, वायसराची कड नळीला आतून गच्च घासते आणि पाणी वर चढतं. कड सैल पडली की बाई दांड्याला लोंबकळली तरी घागरीत थेंब पडत नाही. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आपल्या भागात गावोगाव बोअर पाडले, हापसे बसले, आणि सगळे या चामड्याच्या वाटीवर अवलंबून. ती वाटी आमच्या घरात व्हायची. माझे वडील, आप्पा, ओलं चामडं लाकडी साच्यात दाबून वाळवायचे. बसवायच्या आधी वायसर कोमट पाण्यात टाकायचे, म्हणजे मऊ होऊन नळीत सहज जायचा आणि आत फुगून घट्ट बसायचा. कोरडा वायसर बसवणाऱ्या माणसाला आप्पा अडाणी म्हणायचे. मी चालायला लागलो तेव्हापासून हे बघत आलो.

तुझ्या घरानं छप्पन सालानंतर धम्म घेतला आणि चामड्याला हात लावणं सोडलं. आमच्या घरानं सोडलं नाही. शाळेत आपण एकाच बाकावर, पण यावरून किती भांडलो असू! तू म्हणायचास, "सोडा की आता, नाम्या." मी म्हणायचो, "सोडून काय खायचं, तुझी पुस्तकं?" मग तू पुस्तकांच्या मागं लागून औरंगाबादला गेलास, पुण्याला गेलास, तिथं रबरासारख्या कसल्याशा नव्या मालावर संशोधन करायला लागलास, आणि ते अर्धं टाकून तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेची नोकरी धरून परत आलास. आणि आल्यावर गेलास कुठं? तर आमच्या चर्मोद्योग संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दिवशी मी तुला मुद्दाम डिवचलं, "का रं, चामडं सोडा म्हणत हुतास, आता वास कसा काय सहन होतोय?"

तू रापीनं कापलेला चामड्याचा तुकडा उचलून वाकवून बघत होतास. म्हणालास, "चामडं सोडा म्हणलं हुतं. हातातली कला सोडा असं कधी म्हणलं हुतं?"

त्यानंतर प्रत्येक रविवारी तू यायला लागलास. चामड्याचे वायसर वाळूच्या पाण्यानं चार-सहा महिन्यांत झिजतात, हे तू गावोगाव फिरून बघितलं होतंस. कारखान्यांचे नवे वायसर लवकरच येतील, मग या शेडला कुलूप लागेल, असं तुझं म्हणणं. त्यापेक्षा नवा वायसर या शेडमध्येच, याच हातांनी का करू नये? पॉलियुरेथेन हे तुझ्या त्या रबरासारख्या मालाचं नाव तू आमच्याकडून आठवडाभर घोकून घेतलास. आप्पांनी त्याचं 'पालीवायसर' केलं आणि तू तेच कायम केलंस.

तुझं समजावून सांगणं मला शब्दन्शब्द आठवतं. दुपारची वेळ, आपण शेडच्या सावलीत उकिडवे बसलेलो. तू मातीत काडीनं एक नागमोडी रेघ ओढलीस आणि मध्येमध्ये जाड ठिपके दिलेस.

"ह्या मालाची साखळी दोन जातीच्या तुकड्यांची असती," तू म्हणालास.

"घ्या! हितंबी जात आलीच का?"

"गप रं. दोन प्रकारच्या म्हण. एक तुकडा लांब, लवचीक, ढिला. दुसरा आखूड आणि ताठ. ताठ तुकडे गर्दीत एकमेकाला हुडकत्यात. बाजाराच्या दिवशी एका गावची माणसं एकाच झाडाखाली गोळा हुत्यात का न्हाय, तसं. गोळा झाले की एकाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडं वढला जातो. ह्याला हायड्रोजन बंध म्हणायचं. ढिल्या तुकड्यांनी माल ताणला जातो, आन ह्या गाठोड्यांनी त्यो परत जाग्यावर येतो. बंध न्हाईत तर नुसता डिंक."

"लई घट्ट असतोय व्हय ह्यो बंध?"

"एकटा म्हणशील तर काहीच न्हाय. उन्हानं, पाण्यानं सुटंल. पर हजारोंनी असले की दट्ट्यावरचं सगळं पाणी पेलत्यात. आन सुटला तरी मरत न्हाय. थंड झाला की पुन्हा धरतो. फकस्त मग जो शेजारी असंल त्याला धरतो."

आप्पा आतून म्हणाले, "मंग आमच्या कातड्यात काय असतंय?"

तू इतका खूश झालास की उठून उभा राहिलास. "आप्पा, कातड्यातबी ह्येच बंध हायेत! तुमी पाण्यात भिजवता तवा पाणी मधी घुसून ते सोडवतं. साच्यात वाळलं की ते नव्या आकारात पुन्हा धरत्यात. तुमी जलमभर हायड्रोजन बंधाचंच काम करताय."

आप्पांची मान त्या दिवशी किती ताठ झाली होती, ते तू पाहिलंस. त्यांच्या कामाला कुणी इतकं मोठं नाव दिलेलं नव्हतं. ते मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमी हायड्रोजनवाले. याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. पण तुझ्या त्याच वाक्यानं आपला घात केला, हेही ऐक. तू 'हेच बंध' म्हणालास आणि तिथं थांबलास. पुढं काय वेगळं आहे, ते सांगितलं नाहीस.

दोन वर्षं आपण त्या मालाशी झुंजलो. मिश्रण करताना हवेतला ओलावा लागला की आत बुडबुडे धरायचे आणि वायसर चाळणीसारखा निघायचा. त्या साली पावसानं दडी मारली, हवा कोरडी ठणठणीत, आणि माल काचेसारखा साफ निघायला लागला. दुष्काळ कामाला आला, असं तू म्हणालास आणि लगेच जीभ चावलीस. पाण्यात लवकर कुजणार नाही असा लवचीक तुकडा तू मुद्दाम निवडला होतास. भट्टीतून काढल्यावर वायसर आठ दिवस फळीवर तसेच ठेवायचे, हात लावायचा नाही. ताठ तुकड्यांना एकमेकाला हुडकायला वेळ द्यायचा. बाहेर लोक घागरी घेऊन वणवण करत होते आणि आम्ही बारा गावांसाठीचे वायसर फळीवर मांडून बसलो होतो. मी तुला वाट्टेल ते बोललो, पण आठ दिवस पाळले. ते माझ्या नावावर मांड.

नवव्या दिवशी बसवायला निघालो तर तू नाहीस. कॉलेजच्या परीक्षा लागल्या होत्या, प्रयोगशाळेतून सुट्टी मिळाली नाही. "बसवून घ्या, चामड्याचे बसवता तसेच," असा तू निरोप पाठवलास.

तसेच!

अरे, चामड्याचे आम्ही कसे बसवतो ते तू शंभर वेळा बघितलेलं. पहिल्याच गावात तो वायसर नळीत जाईना. लाकडासारखा ताठ. बाया भोवती उभ्या, एकीच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. मी आप्पांचं पितळी पातेलं चुलीवर ठेवायला लावलं आणि वायसर त्यात टाकले. कोमट पाण्यानं काही होईना, म्हणून उकळी येऊ दिली. मग ते असे नरम पडले की बोटानं दाबून नळीत सरकवले. इतके सहज गेले की मला माझाच अभिमान वाटला. बाराही गावांत मी तसेच बसवले. पहिल्या दिवशी धो धो पाणी आलं. एका गावात माझ्या गळ्यात हार घातला आणि मी तो घालून घेतला.

आठवड्याच्या आत बाराही हापसे कोरडे पडले. दांडा नुसता वरखाली. खाली पाणी होतं, बोअर आटले नव्हते, आणि ते वर येत नव्हतं. चामड्याचे जुने वायसर पुन्हा बसवेपर्यंत बायांना किती लांब जावं लागलं, ते मी इथं लिहीत नाही, लिहिलं तर हे पान पुरं करता येणार नाही.

मग जीपमधून चौकशीचे साहेब आले. शेडमध्ये खुर्ची टाकली, टेबल नव्हतं म्हणून चामडं कापायच्या पाटावर कागद ठेवले. बाद झालेले वायसर समोर मांडलेले, सगळ्यांच्या कडा आत मुडपून तशाच राहिलेल्या. साहेबांनी विचारलं, "बसवताना काही वेगळं केलंत का?" तू एक वायसर उचललास, कडेवरून अंगठा फिरवलास, आणि माझ्याकडं वळून विचारलंस, "नाम्या, गरम पाण्यात टाकले हुते का?"

मी म्हणालो, "न्हाय."

तू माझ्याकडं बघितलंस, वायसर पाटावर परत ठेवलास आणि म्हणालास, "बरं."

साहेबांनी लिहिलं, मिश्रण सदोष. आणि जीप गेली.

मी का खोटं बोललो, ते सांगतो. मी संस्थेचा सेक्रेटरी. चूक चांभारांच्या हातांची असं कागदावर आलं असतं, तर शेडला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं. आप्पा दारात उभे होते, पातेलं त्यांचं, पद्धत त्यांची. आणि मनात हेही आलं की तुला नोकरी आहे, तुझं काय बिघडतंय. हे शेवटचंही लिहिलं.

तुझं काय बिघडलं? पुण्याचं राहिलेलं काम पुरं करायला तुला रजा हवी होती, ती त्या कागदानंतर मिळाली नाही. कॉलेजातली पोरं तुझ्या टेबलावर सायकलचे वायसर आणून ठेवायची. सवलतीनं आलेला माणूस आणखी काय करणार, असं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता बोलणारे होते. त्यांच्या बापजन्मी त्यांनी हातानं एक वस्तू घडवली नव्हती! काल तेच पहिल्या रांगेत बसून तुझ्या साधेपणाचं कौतुक करत होते. आणि तू? तू दर रविवारी शेडमध्ये येतच राहिलास. आप्पा गेले तेव्हा खांद्याला सगळ्यात आधी तू. माझ्या थोरलीला दहावीचं रसायन तू शिकवलंस, आमच्याच ओट्यावर बसून. एकदा तरी तोंड फिरवायचंस. एकदा तरी 'नाम्या, तू खोटारडा आहेस' म्हणायचंस. मी शंभर वेळा तयारी केली, तुझ्या घरापर्यंत आलो, वैनींच्या हातचा चहा प्यालो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत गेलो. तू मला वाचवलंस की 'तसेच' या तुझ्या एका शब्दाची तू स्वतःला शिक्षा करून घेतलीस? की मी आपण होऊन बोलेन म्हणून वाट बघत होतास, फळीवर वायसर ठेवून बसायचास तसा? याचं उत्तर न देता गेलास. असं वागतात का सुखदेवा?

काल सगळे पांगल्यावर वैनींनी एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "भावजी, ह्यो तुमाला द्या म्हणले हुते. म्या गेल्यावर द्या, आदी न्हाय, असं म्हणले." आधी नाही! बघ, याच्यावरही राग येतोय.

आज सकाळी डबा उघडला. आत तुझी एक वही आणि आपला एक वायसर, बारांतला, कड आत मुडपलेली. वहीच्या शेवटच्या पानावर तुझं बारीक अक्षर. बाद झालेले तीन वायसर घरी आणून गरम पाण्यात मोकळे सोडले, तिन्हींची कड उघडून साच्यातला मूळ आकार परत आला, बंध गरम असताना सुटले व दाबलेल्या आकारात थंड होऊन पुन्हा धरले गेले होते, मिश्रणात दोष नाही. पानाच्या वर तारीख, साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. खाली लिहिलंस 'कारण', दोन टिंबं दिलीस आणि पुढची ओळ कोरी सोडलीस.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या हातात पुरावा होता. सहा वर्षं तू तो डब्यात ठेवलास.

मी आप्पांचं तेच पातेलं चुलीवर ठेवलं. उकळी आली तशी वायसर आत सोडला आणि बघत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग ती मुडपलेली कड हलली. सावकाश, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, पापणी उघडावी तशी बाहेर वळली. चिमट्यानं काढला तेव्हा साच्यातून पहिल्या दिवशी निघाला होता तसा, गोल, कड सरळ. माझी बायको विचारायला लागली की काय झालं. मी वायसर फडक्यात गुंडाळला.

मग मी उठून तुझ्या घरी गेलो आणि वैनींना सगळं सांगितलं. वायसर हातावर ठेवून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "त्येनला ठावं हुतं, भावजी. मलाबी ठावं हुतं. सा वर्सं तुमाला च्या करून देत आले, तवा काय वाटलं?" त्यांनी चहा ठेवला नाही. बरं झालं.

निघताना म्हणाल्या, "छापून आणा. त्यांच्या फोटूखाली ठिवायचंय."

आता एसटीला तासभर आहे. वही समोर आहे. त्या कोऱ्या ओळीवर मी माझ्या मोठ्या, बेढब अक्षरात लिहिलंय : बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकले. टाकणारा, नामदेव. तुझ्या अक्षराशेजारी ते वाईट दिसतं, पण तिथंच राहील.

साहेब पुन्हा येणार नाहीत. ती जीप, तो पाट, दारात उभे आप्पा, काहीच परत येणार नाही. पण तू तरी एकदा वळून माझ्याकडं बघ आणि परत विचार.

व्हय, सुखदेवा. म्याच टाकले हुते.